सव्वादोनची हिरवी बांगडी

"तुमचं काहीतरी हलतंय," तो म्हणाला.

लोहाऱ्याहून उमरग्याला निघालेली जीप. आत चौदा माणसं, दोन दुधाचे कॅन, माझ्या पायाशी कॉम्प्युटरची स्क्रीन आणि मांडीवर माझा अकरा किलोचा कॉम्प्युटर. समोर बसलेला अनोळखी पोरगा असल्या वेळी असलं काही बोलला, तर माणसानं काय म्हणावं?

"सगळी जीपच हलतीय," मी म्हणाले. "उतरून ढकलता का?"

शेजारच्या मावशी फिसकन हसल्या. तो मात्र हसला नाही. मान तिरकी करून माझ्या कॉम्प्युटरच्या डब्याकडं कान लावून बसला होता.

"तसं न्हाय हो... आत. उजव्या अंगाला. जड हाय काहीतरी. खड्डा आला की दोनदा वाजतंय."

"इंजिनाच्या एवढ्या आवाजात तुम्हाला ते ऐकू येतं?"

"कासार हाय मी," तो म्हणाला. जसं काही त्यात सगळं आलं. मग वर टपाकडं बोट दाखवलं. "चाळीस डझन काच वर बांधलीय. तिच्याकडं एक कान लागतोच."

मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. तुरी काढणीला आल्या होत्या, डिसेंबरचं कोवळं ऊन होतं, आणि मी डबा दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरला होता. कारण गेल्या महिन्यात असाच प्रवास करून कॉम्प्युटर उमरग्यात पोचला होता आणि सुरूच झाला नव्हता.

आधी सांगून टाकते. मी हर्षाली. तहसील कचेरीसमोर आमचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, झेरॉक्स काढतात, मी फॉर्म भरते. आणि संध्याकाळी गिऱ्हाईक थांबलं की मी गेम खेळते. हसू नका. चांगली खेळते. आमची पाच जणांची टीम आहे, बाकी चौघं उमरग्याचे. लोहाऱ्यातल्या नेटवर मी गोळी झाडेपर्यंत समोरचा मला मारून पुढच्या गल्लीत गेलेला असतो. म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उमरग्याला टीममधल्या नंदीशच्या मामाच्या रिकाम्या हॉलमध्ये पाच कॉम्प्युटर एका वायरीनं जोडायचे आणि दिवसभर खेळायचं. खांद्याला खांदा लावून ओरडायचं. महिनाभर मी "ताई, आधारला मोबाइल लिंक करा की" ऐकत असते. त्या एका दिवशी मला कुणी ताई म्हणत नाही. तो एक रविवार काढून घेतला, तर बाकीचे एकोणतीस दिवस मला ढकलता यायचे नाहीत.

उमरग्याच्या चौकात जीपच्या आडवी म्हैस आली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. माझा डबा समोरच्या लोखंडी दांडीवर आदळला, आणि त्याची एक बाजू, पूर्ण काचेची, माझ्या मांडीवर भुगा होऊन पडली.

मी उतरून रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिले. त्यानं टपावरून पेटी उतरवली, झाकण उघडून बघितलं. एकही बांगडी गेली नव्हती. एक!

माझ्याकडं बघून तो हळूच म्हणाला, "वाढली?"

"काय वाढली?"

"काच. आमच्यात फुटली म्हणत न्हाईत."

"मी म्हणते ना! फुटली. फुटली, फुटली, फुटली!"

त्यानं पटकन पेटीचं झाकण लावलं आणि वर हात ठेवला, आतल्या बांगड्यांनी ऐकू नये तसा. इतका राग आलेला असताना मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

त्यानं रुमाल काढला. मला वाटलं, मला देतोय. तो खाली बसून त्या रुमालात काचा वेचायला लागला. "अनवाणी पोरंसोरं जातात हितनं," म्हणाला. मग डब्यात वाकून बघत, "हे बघा. म्या म्हणलं न्हवतं? उजव्या अंगाला."

ग्राफिक्स कार्ड. गेमची चित्रं स्क्रीनवर आणणारं, स्वतःचा पंखा असलेलं. जागेवरून निसटून लोंबकळत होतं.

"योगीराज," तो उठत म्हणाला. "लोहाऱ्यात मारुतीच्या देवळापाशी बांगड्यांचं दुकान हाय न्हवं, ते आमचंच. बुधवारी डबा घेऊन या. वाजणार न्हाय असा करून देतो."

*

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "हर्षे, दोनदा झालं. अजून एकदा जा. पण आता मोडून आला, तर मशीन दुकानातच राहील. परत जागची हलायची न्हाय. चालंल?"

चालेल म्हणाले. दुसरं काय म्हणणार? हातात एकच फेरी उरली होती.

बुधवारी गेले. दुकान एवढंसं, पण भिंतभर लाकडी दांड्या आणि दांड्यांवर ओवलेल्या बांगड्या. योगीराजच्या आई, मथुराबाई, एका सासुरवाशिणीच्या हातात चुडा भरत होत्या. माझे हात बघून म्हणाल्या, "पोरी, मोकळे हात?"

"टेबलावर वाजतात हो काकू. खेळताना लक्ष जातं."

"सव्वादोन," कोपऱ्यातनं आवाज आला. योगीराज वर न बघता फळी तासत होता.

"काय सव्वादोन?"

"तुमच्या हाताचं माप."

"तुम्ही कधी बघितला माझा हात?"

"जीपमधी. डबा धरला व्हता की... दोन्ही हातांनी." आणि कान लाल झाले त्याचे. मथुराबाईंनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पुन्हा चुडा भरायला लागल्या.

मी डबा ठेवला. त्यानं काय करावं? उचलला, कानाशी धरला आणि गदागदा हलवला!

"अहो! अहो, काय करताय? बांगड्या समजलात का?"

"बांगड्या असत्या तर बरं व्हतं. त्या एवढ्या बोलत न्हाईत."

"मी लई बोलते?"

"म्या कॉम्प्युटरचं म्हणलं," तो म्हणाला, आणि डबा पुन्हा कानाला लावला. मिशीतल्या मिशीत हसत होता, मला दिसलं.

त्याचं म्हणणं साधं होतं. काच आपटून जात नाही, आत मोकळी जागा राहिली की जाते. म्हणून कासार पेटी बांधून झाली की हलवून ऐकतो. आवाज आला तर पेटी पुन्हा खोलायची, कुठं जागा राहिली ते शोधायचं, तिथं कापड सारायचं. आवाज बंद होईपर्यंत हेच.

पुढचे चार बुधवार आम्ही हेच केलं.

"लॅपटॉप का न्हाय घेतला?" पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं.

"हे बघा, जगातला प्रत्येक माणूस मला हेच विचारतो. तुम्ही विचारू नका."

"बरं." त्यानं दोन स्क्रू काढले. "मग ती टीव्हीसारखी मोठी स्क्रीन, ती पण न्यायची? हे सगळं लोढणं घेऊन?"

"मग कशात बघून खेळू?"

"उमरग्यात कुणाकडं जादा न्हाय का? आमचं बाजारातलं स्टँड तिथल्या एका चहावाल्याकडंच असतंय. माल तेवढा न्यायचा. स्टँड कोण रोज वाहतंय?"

नंदीशला फोन केला. त्याच्याकडं एक स्क्रीन वर्षभर माळ्यावर पडून होती. म्हणाला, "तू कधी विचारलंच नाहीस की गं!" खरंच विचारलं नव्हतं. फोन ठेवला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. योगीराजनं मान खाली घालून फळी तासायला घेतली. तेवढं मोठेपण त्याच्याकडं होतं.

फुटलेल्या... बरं, वाढलेल्या काचेच्या जागी त्यानं प्लास्टिकचा दुधी, आरपार न दिसणारा पत्रा कापून बसवला. मी म्हणाले, "कासाराच्या पोरानं काच नको म्हणावं?"

"काच जिथं शोभते तिथं असावी."

"कुठं शोभते?"

तो माझ्या मनगटाकडं बघत होता. मग एकदम स्क्रू शोधायला लागला, आणि स्क्रू त्याच्या हातातच होता.

पातळ प्लायची पेटी केली. आतून मथुराबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या घड्या शिवून लावल्या, डबा आत सरकला की चारी बाजूंनी गच्च. कीबोर्ड, माउस, वायरी, सगळ्याला वरच्या खणात आपापली जागा. मांडीवर घ्यायला नको म्हणून पेटीला त्यानं जुन्या फवारणी पंपाचे पट्टे लावले, पाठीवर घ्यायला. आणि ते जड कार्ड लोंबकळू नये म्हणून त्याखाली एक टेकू दिला. बांगड्या ओवायच्या दांडीचा तुकडा, बरोबर मापाचा. डब्यात उभा केला आणि कार्ड त्यावर निवांत टेकलं.

पट्टे माझ्या मापाचे करायचे होते. मी पेटी पाठीवर घेऊन उभी राहिले. तो मागं.

"घट्ट होतंय का?"

"नाही."

"आता?"

"नाही... थोडं."

रोज शंभर बायकांचे हात हातात घेणारा पोरगा. आणि माझ्या खांद्यावरचा पट्टा ओढताना दोन बोटांत फक्त पट्टा धरत होता, खांद्याला नख लागू देत नव्हता. मला राग आला. का आला ते तेव्हा कळलं नाही... कळलं होतं. खोटं कशाला बोलू?

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी शेवटची तपासणी केली. कॉम्प्युटर त्याच्या दुकानातच सुरू करून बघितला. छान चालला. मी वायरी गुंडाळत होते तेवढ्यात त्यानं डब्याचा पत्रा लावून स्क्रू आवळलेसुद्धा. जरा जास्तच घाईनं. मग पेटी उचलून माझ्या कानाशी धरली आणि हलवली.

काही म्हणजे काही वाजलं नाही.

"उद्या मी नसणार जीपमधी," तो म्हणाला. "उमरग्यात संक्रांतीचा बाजार हाय, पहाटंच निघावं लागतंय. तुमी... नीट जा."

"पेटी नीट जाईल म्हणा."

"दोघी बी," तो म्हणाला.

*

हॉलवर पोचले तेव्हा दहा वाजले होते. पेटी पाठीवर, हात मोकळे, जीपमध्ये पहिल्यांदा मी शेंगा खात आले होते! नंदीश आणि बाकीची पोरं पेटीभोवती गोळा झाली. महेश्वरी, आमच्या टीममधली दुसरी मुलगी, पट्टे ओढून बघत म्हणाली, "कुणी केली गं? मला पण करून दे म्हणावं."

"बघू," मी म्हणाले. मला ते आवडलं नव्हतं.

डबा काढला, वायरी जोडल्या, माळ्यावरची स्क्रीन लावली, बटण दाबलं.

कर्रर्र... कर्रर्र... कर्रर्रर्र!

मी झटकन बटण बंद केलं.

"पंखा गेला वाटतं की," नंदीश हळू आवाजात म्हणाला. "कार्डचाच असणार."

मी खुर्चीत बसले. डोळ्यांसमोर अण्णा चष्मा पुसत होते. मशीन दुकानात राहील. जागची हलायची न्हाय. संपलं. चार बुधवार, लुगडी, पट्टे, सगळं करून संपलं. आणि ज्यानं केलं तोच... मी फोन लावला.

"तुमच्या त्या दांडीनं माझा पंखा खाल्ला! वाजणार न्हाय म्हणालात ना? या, ऐका येऊन!"

तिकडून बायकांचा गलका ऐकू येत होता. संक्रांतीच्या आधीचा रविवार म्हणजे कासाराचा वर्षातला सगळ्यात मोठ्या विक्रीचा दिवस. तो एवढंच म्हणाला, "हात लावू नका. आलो."

दहा मिनिटांत आला. धापा टाकत, कपाळावर घाम, आणि हातात कुणाच्या तरी मापाच्या डझनभर लाल बांगड्या तशाच. त्या टेबलावर ठेवल्या, गुडघ्यावर बसला, स्क्रू काढले, पत्रा सरकवला. आत बघितलं.

आणि त्याचा चेहरा पांढराफटक झाला.

"काय झालं? बोला की!"

"हे... माझंच हाय."

त्यानं दोन बोटं आत घातली, दोरा सोडवला, दांडी जरा तिरकी केली आणि हळूच काहीतरी बाहेर काढलं. हिरवी बांगडी. एक. दांडीवर ओवून, दोऱ्यानं वर कार्डाजवळ घट्ट बांधलेली. पंख्याचं पातं तिच्या दोऱ्याला घासत होतं.

"आमच्यात दांडी रिकामी ठेवत न्हाईत," तो खाली बघून म्हणाला. "एक तरी बांगडी ठेवायचीच. हात आपोआप गेला... कार्डाचा पंखा त्याच्या खालनं फिरतो, हे ठाऊक न्हवतं मला. वाजू नये म्हणून वर बांधली."

"आधी सुरू करून बघ गं," महेश्वरी म्हणाली.

बटण दाबायला माझं बोट पुढं जाईना. शेवटी नंदीशनं दाबलं.

पंखा फिरला. दिवे लागले. निळे, मग जांभळे. आवाज नाही. नुसती बारीक हवा, रोजच्यासारखी. स्क्रीनवर माझं नाव आलं आणि मी टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं रडले. दोन महिन्यांचं साठलं होतं ते सगळं एका दमात बाहेर पडलं. इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू!

डोकं वर केलं तर तो तसाच उभा. बांगडी तळहातावर. ओरखडासुद्धा नाही.

मी डोळे पुसले. "एक विचारू? गिऱ्हाइकांना दांडी देता, तेव्हा पण बांगडी ठेवता?"

चौघं जण आमच्याकडं बघत होते, नंदीश तर खुर्ची पुढं ओढून.

"बाजार... उघडा टाकून आलोय," तो म्हणाला आणि पळाला. लाल बांगड्या घ्यायला परत आला, आणि पुन्हा पळाला. हिरवी मात्र माझ्या कीबोर्डच्या डाव्या बाजूला राहिली.

त्या दिवशी आम्ही सहा मॅच खेळलो. दोन हरलो. माझ्या चुकीनं. कारण माझं लक्ष सारखं डावीकडं जात होतं आणि तिथं कुणी शत्रू नव्हता.

*

साडेचारच्या जीपला तो चौकात उभा होता. पेटी रिकामी, सगळा माल खपलेला. परतीच्या वाटेवर आम्ही समोरासमोर बसलो. माझी पेटी माझ्या पायाशी. खड्डा आला की दोघंही कान लावायचो, आणि मग एकमेकांकडं बघून दुसरीकडं बघायचो. तेवीस खड्डे झाले. एकदाही वाजलं नाही.

योगीराज माझ्यासोबत आमच्या दुकानापर्यंत आला. आत अण्णा वाट बघत होते. वाट बघत नाही असं दाखवत, कोरे कागद उगाच मोजत. मी काही न बोलता डबा काढला, जोडला, बटण दाबलं. दिवे लागले. अण्णांनी वाकून बघितलं, पत्र्यावर टिचकी मारली, पेटी उघडून लुगड्यांच्या घड्यांवरून हात फिरवला.

"बरं," ते म्हणाले. "पुढचा दुसरा रविवार कधी येतोय?"

"नऊ तारखेला, अण्णा."

"लिहून ठेव, त्या दिवशी फॉर्मवाल्यांना बोलावू नको." आणि योगीराजला, "बसा हो तुमी. चहा सांगून येतो."

अण्णा गेले. छातीवरचं ओझं उतरलं आणि आता मला कशाचीच भीती उरली नाही. मी खिशातून बांगडी काढून टेबलावर ठेवली.

"सकाळचं उत्तर राहिलंय."

त्यानं बांगडी उचलून बोटांत फिरवली.

"न्हाय ठेवत," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला दांडी देताना मोकळीच देतो. बांगडी... फक्त घरच्या दांडीवर."

"आणि ही दांडी कुणाच्या घरची?"

"ते..." त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "ते तुमी सांगायचं."

मी हात पुढं केला. उजवा. त्यानं मान हलवली. "डावा द्या. उजव्यात माउस असतोय."

बघा! कॉम्प्युटरमधलं ज्याला काही कळत नव्हतं, त्यानं एवढं मात्र विचार करून ठेवलं होतं. मी डावा दिला. त्यानं माझी बोटं जुळवली, अंगठा आत दाबला, बांगडी बोटांवर चढवली आणि... थांबला.

"एवढ्या बायकांना भरता रोज. आता काय झालं?"

"वाढली तर?"

"तर दुसरी भर," मी म्हणाले. "तुझ्या घरात कमी आहेत का?"

तुझ्या. ते ऐकून त्यानं मान वर केली. आणि मग हसला, अख्खा, मिशीतल्या मिशीत नाही. बांगडी सुळकन मनगटात उतरली. सव्वादोन. बरोबर.

"पण दांडी रिकामी झाली की आता," तो म्हणाला. हात अजून सोडला नव्हता.

"दुसरी बांध. पंख्यापासून लांब."

तेवढ्यात अण्णा चहाचे तीन ग्लास घेऊन आत आले. मी घाईघाईनं हात मागं घेतला, कीबोर्डवर ठेवला. अण्णा जागीच थबकले. कपाळाला आठ्या पडल्या.

"हर्षे, काहीतरी वाजलं गं. पुन्हा हललं काय आतलं?"

योगीराज छताकडं बघत होता.

"डबा नाही वाजला, अण्णा," मी म्हणाले, आणि डावा हात वर केला.